दोन साक्षीदार

(ग्रंथालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'मृत्युपत्र.' पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग अवघडलेला आवाज आला, 'ताई, नाव जरा सौम्य करता येईल का? पत्रिका घरोघरी जातात.' म्हणून तुमच्या हातातल्या पत्रिकेवर 'इच्छापत्र' छापलं आहे. मला त्याचा राग आला नाही. चाळीसेक वर्षं दिवाणी वकिली करताना मी हेच पाहत आले. लोक जमिनीच्या बांधावरून भावाशी दहा वर्षं भांडतील, पण 'माझ्यामागे' हा शब्द उच्चारायला धजत नाहीत. कोणी उच्चारलाच तर घरातलं कोणीतरी म्हणतं, 'असं अभद्र काय बोलता!' आणि विषय तिथेच संपतो. पुढे तो कोर्टात उघडतो.

ज्या मास्तरांच्या नावाने ही माला चालते, त्यांची माझी पहिली भेट शाळेत झाली नाही, कोर्टात झाली. मी तेव्हा नवी होते, ज्येष्ठ वकिलांच्या मागे फायली घेऊन उभी राहणारी. दावा एका शेतकऱ्याच्या मृत्युपत्राचा होता आणि मास्तर त्यावरचे साक्षीदार होते. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी नेहमीचा प्रश्न टाकला, 'मरणारा माणूस शुद्धीवर होता, हे तुम्ही कशावरून सांगता? तुम्ही डॉक्टर आहात का?' मास्तर शांतपणे म्हणाले, 'मी डॉक्टर नाही. पण कागद मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं, गट नंबर चुकलाय, तो विहिरीचा गट आहे, मी देतोय तो माळाचा. मग तो दुरुस्त केला, त्या दुरुस्तीशेजारी त्यांनी अंगठा केला आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या.' समोरच्या वकिलांनी कागद पुढे घेतला, समासातला तो अंगठा पाहिला आणि खाली बसले.

मृत्युपत्राच्या कायद्याबद्दल मला आज जे सांगायचं आहे ते सगळं त्या उत्तरात आहे. हा कायदा कागदाकडून फारच थोडं मागतो, माणसांकडून बरंच मागतो. आपण मात्र नेमकं उलटं करतो. कागद कोणता, शिक्का कुठला, फी किती याची चौकशी करतो, आणि साक्षीदार म्हणून दारात भेटेल त्याला उभं करतो.

कागद काय मागतो

आधी गैरसमजांची झाडलोट करू. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर, वहीच्या पानावरसुद्धा ते होतं. ते टंकलिखित असलं पाहिजे असं नाही. हाताने लिहिलेलंही चालतं आणि मराठीत लिहिलेलं तर उत्तमच, कारण लिहिणाऱ्याला ते कळलेलं असतं. नोटरीचा शिक्का लागत नाही. वकीलही लागत नाही, हे मी माझ्या पोटावर पाय आणून सांगते. ठरावीक कायदेशीर शब्द लागत नाहीत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात स्पष्टच म्हटलं आहे की इच्छा समजेल अशी भाषा असली म्हणजे झालं. 'कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसा जे' अशी सुरुवात केली नाही म्हणून कोणाचं मृत्युपत्र फुकट जात नाही.

नोंदणीही सक्तीची नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने ती ऐच्छिक ठेवली आहे. ज्याला करायची असेल त्याने दुय्यम निबंधकाकडे जावं. त्याच कायद्यात एक फारशी कोणाला माहीत नसलेली सोय आहे: मृत्युपत्र बंद लिफाफ्यात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेवायला देता येतं, आणि मृत्यूनंतर अर्ज केल्यावर ते उघडलं जातं. नोंदणीचा फायदा काय? कागद हरवत नाही, बदलला जात नाही, आणि त्या तारखेला तो माणूस कचेरीत आला होता हे दिसतं. पण नोंदलेलं मृत्युपत्र आपोआप खरं ठरतं हा समज चुकीचा आहे. तेही सिद्ध करावंच लागतं. आणि नोंदलेलं मृत्युपत्र नंतरच्या साध्या, न नोंदलेल्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं. शेवटचं वैध मृत्युपत्र ते खरं, मग त्यावर शिक्का असो वा नसो.

तारीख घालणं कायद्याने सक्तीचं नाही, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण घाला. दोन मृत्युपत्रं निघाली तर शेवटचं कोणतं हे तारखेशिवाय कसं ठरवणार? प्रत्येक पानावर सही करणंही सक्तीचं नाही. पण करा, नाहीतर मधलं पान बदललं असा आरोप होतो आणि तो खोडून काढायला तुम्ही नसता.

कलम ६३

मग सक्तीचं आहे तरी काय? भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३. सगळा कायदा विसरलात तरी चालेल, पण हे कलम घरी घेऊन जा. त्यात तीनच गोष्टी आहेत.

पहिली: मृत्युपत्र करणाऱ्याने त्यावर सही किंवा निशाणी करावी. अंगठा चालतो. जुन्या दस्तांत कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी दिसते, तिच्याइतकाच आजचा अंगठाही वैध आहे. हातच चालत नसेल तर दुसऱ्या कोणी त्याच्या सांगण्यावरून, त्याच्यासमोर सही केली तरी चालते. 'त्याच्यासमोर' हा शब्द महत्त्वाचा. शेजारच्या खोलीत केलेली सही चालत नाही.

दुसरी: सही अशा जागी हवी की हा मजकूर मृत्युपत्र म्हणून लागू व्हावा यासाठीच ती केली आहे, असं दिसलं पाहिजे. म्हणून मजकूर संपला की त्याच्या लगेच खाली सही करा. खाली चार बोटं जागा सोडून सही केली की त्या जागेत नंतर काहीतरी उगवतं. मी असे कागद पाहिले आहेत.

तिसरी, आणि सगळे वाद जिथे होतात ती: किमान दोन साक्षीदार. प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असलं पाहिजे, किंवा 'ही सही माझी आहे' असं त्याच्याच तोंडून ऐकलेलं असलं पाहिजे. आणि प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याच्या समोर स्वतःची सही केली पाहिजे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही. पण मी म्हणते. दोघांना एकत्र बसवा.

इथे एक बारकावा आहे. साक्षीदाराची सही साक्षीदार म्हणूनच झाली पाहिजे. मजकूर लिहिणाऱ्याने लेखक म्हणून सही केली, दुय्यम निबंधकाने नोंदणीसाठी सही केली, नोटरीने शिक्का मारला, या सह्या आपोआप साक्षांकन ठरत नाहीत. कागदाच्या तळाशी सात सह्या आणि चार शिक्के, पण साक्षीदार म्हणून एकच माणूस, अशी मृत्युपत्रं कोर्टात येतात. दिसायला भारदस्त असतात आणि कायद्याच्या नजरेत अपुरी.

मजकुरात खाडाखोड झाली तर त्या जागी करणाऱ्याची आणि दोघा साक्षीदारांची सही हवी. मास्तरांनी समासात तो अंगठा आणि सह्या घेतल्या त्या यासाठी. कायदा त्यांना ठाऊक होता की नाही, मला माहीत नाही. वहीत खाडाखोड केलेल्या मुलाकडून ते शेजारी सही घ्यायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

कोणाचं मृत्युपत्र, कशाचं

मृत्युपत्र कोण करू शकतं? अठरा वर्षं पूर्ण झालेली, मन ठिकाणावर असलेली कोणतीही व्यक्ती. विवाहित स्त्रीला आपल्या मालकीच्या मिळकतीचं मृत्युपत्र नवऱ्याच्या परवानगीशिवाय करता येतं. हे मला दर वर्षी कोणाला ना कोणाला सांगावं लागतं. अंध किंवा कर्णबधिर माणसाला करता येतं, फक्त आपण काय करतो हे त्याला कळलं पाहिजे. एरवी भ्रमिष्ट असलेल्या माणसाने शुद्धीच्या काळात केलेलं मृत्युपत्रही चालतं. नशेत किंवा शुद्ध हरपलेल्या आजारात केलेलं चालत नाही. दमदाटी, फसवणूक किंवा मन मोडेपर्यंत केलेला आग्रह यातून मिळवलेलं मृत्युपत्र रद्दबातल ठरतं. डॉक्टरांचा दाखला कायद्याने लागत नाही, पण वय झालं असेल किंवा इस्पितळात असाल तर जरूर घ्या. आणि त्या डॉक्टरांनाच साक्षीदार केलंत तर आणखी उत्तम.

कशाचं करता येतं? जे आपलं आहे त्याचं. हे सोपं वाटतं, पण अर्धे दावे इथे अडकतात. स्वकष्टार्जित मिळकत पूर्ण तुमची. एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत फक्त तुमचा हिस्सा तुम्हाला मृत्युपत्राने देता येतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा 'सगळी जमीन दोघा मुलांना' असं लिहिणाऱ्या बापाने आधी त्यातली आपली किती, हे पाहावं.

मुस्लिम बांधवांना कलम ६३ लागू नाही. त्यांच्या वैयक्तिक कायद्यात तोंडी मृत्युपत्रही चालतं. पण अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक-तृतीयांशापलीकडे इतर वारसांच्या संमतीशिवाय ते चालत नाही, आणि सुन्नी कायद्यात जो वारस आहेच त्याला देण्यासाठीही उरलेल्यांची संमती लागते. आपले गोव्याचे पाहुणे सभागृहात आहेत. त्यांचा कायदा आणखी वेगळा. पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा तिथे चालू राहिली आणि आता त्यासाठी गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे. तिथे सक्तीचे वारस असतील तर निम्म्याहून जास्त मिळकत मृत्युपत्राने दुसऱ्याला देताच येत नाही. बापाला मुलाला बेदखल करायचं असेल, तर महाराष्ट्रात तो स्वकष्टाच्या मिळकतीपुरतं करू शकतो. गोव्यात तसं सहजासहजी होत नाही.

ख्रिस्ती आणि पारशी मंडळींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला किंवा त्याच्या पती वा पत्नीला त्यात काही दिलं असेल तर तेवढं दान रद्द होतं. आणि लग्नानंतर आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना हे दोन नियम लागू नाहीत. तरीही ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, हे शहाणपण सगळ्यांना सारखंच लागू आहे.

पुण्यातली दोन मृत्युपत्रं

इतिहासातल्या दोन मृत्युपत्रांबद्दल आता थोडं सांगते. दोन्ही पुण्यातली, दहा वर्षांच्या अंतराने झालेली. दोन्हींच्या मुळाशी दत्तकाचा प्रश्न होता. आणि दोन्ही झाली तेव्हा पुण्याच्या हिंदूला मृत्युपत्र लेखी करण्याची सक्तीच नव्हती. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने ती सक्ती मुंबई शहरापुरती आणि तिथल्या स्थावर मिळकतीपुरती आणली होती. बाकीच्या महाराष्ट्रात तोंडी मृत्युपत्र चालत होतं. लेखी आणि दोन साक्षीदारांसह, ही अट सगळ्या हिंदूंना लागू झाली ती १ जानेवारी १९२७ पासून. आपण जिला जुनीपुराणी औपचारिकता म्हणतो, तिला अजून शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

पहिलं मृत्युपत्र महात्मा जोतीराव फुल्यांचं, १८८७ सालचं. सक्ती नसताना त्यांनी ते लेखी केलं आणि रीतसर नोंदवलं. पत्नी सावित्रीबाई आणि दत्तक मुलगा यशवंत यांची व्यवस्था त्यात होती, आणि यशवंत पुढे नालायक निघाला तर काय करायचं, हेही लिहून ठेवलेलं होतं. आपल्या माणसावर प्रेम असूनही असं लिहायला मन किती स्वच्छ लागतं! पुढच्याच वर्षी, १८८८ साली, जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं, हे आपण सगळे कौतुकाने सांगतो. वकील म्हणून मला त्यातली दुसरी गोष्ट दिसते. मृत्युपत्रावरची सही त्यांनी उजवा हात चालत असताना केली होती. मृत्यू आला १८९० च्या नोव्हेंबरात, म्हणजे तीन वर्षांनी.

दुसरं मृत्युपत्र कोल्हापूरचे सरदार बाबा महाराज पंडित यांचं. साल १८९७, महिना ऑगस्ट. बाबा महाराज पुण्यात पटकीने अंथरुणाला खिळले आणि मरणाच्या दारात त्यांनी मृत्युपत्र केलं. मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या व्यवस्थापकांत त्यांनी लोकमान्य टिळकांचं नाव घातलं. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तीनच दिवसांपूर्वी जामिनावर सुटले होते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही व्यवस्थापकांत होते. विधवा ताई महाराज जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या आणि गरोदर. मुलगा झाला नाही किंवा झालेला गेला, तर व्यवस्थापकांच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा, अशी योजना होती. मुलगा झाला आणि थोड्याच महिन्यांत गेला. १९०१ साली औरंगाबादला दत्तक घेतला, आणि त्यानंतर जे उसळलं ते 'ताई महाराज प्रकरण' म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, रद्द करा असा अर्ज झाला, तो मंजूर झाला, पुढे उच्च न्यायालयाने फिरवला. टिळकांवर फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, १९०४ साली उच्च न्यायालयाने ती पुसून टाकली. दत्तकविधान वैध, हा शेवटचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दिला तो १९१५ साली. मित्राच्या शेवटच्या शब्दाला मान देऊन एका माणसाने 'हो' म्हटलं, आणि अठरा वर्षं तो शब्द त्याच्या गळ्याला लागला.

इथे वाद सहीचा नव्हता. वाद होता व्यवस्थापकांच्या अधिकाराचा आणि दत्तकविधान खरोखर कधी, कसं झालं याचा. म्हणून यातून मी पटकीचा धडा काढत नाही. धडा असा आहे की घाईत केलेल्या मृत्युपत्रात आपण फक्त मिळकत वाटतो, आपल्यामागे राहणाऱ्या माणसांचा स्वभाव पाहायला वेळ मिळत नाही. सोळा वर्षांची विधवा आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी थोर मंडळी यांचं जमेल का, हा प्रश्न मृत्युशय्येवर कोण विचारणार? जोतीरावांनी तो शुद्धीत, निवांतपणे विचारला. व्यवस्थापक नेमताना, ज्याला आपण एक्झिक्युटर म्हणतो, त्याला आधी विचारा आणि सगळं सांगा. त्याचं मोठेपण पाहू नका. त्याच्याकडे वेळ आणि धीर आहे का, ते पाहा.

सही खरी, तरी संशय

मृत्युपत्राच्या कायद्यात आपल्या मराठी न्यायमूर्तींचा मोठा वाटा आहे. सातारचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयात होते. व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणातला त्यांचा निकाल १९५९ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे आणि देशातल्या प्रत्येक मृत्युपत्राच्या दाव्यात आजही त्याचा आधार घेतला जातो. त्यातला मुद्दा माझ्या शब्दांत सांगते. इतर दस्त आणि मृत्युपत्र यांत फरक हा, की मृत्युपत्र पुढे येतं तेव्हा ते करणारा जगात नसतो. हे माझं की नाही, हे तो येऊन सांगू शकत नाही. म्हणून सही खरी आहे एवढ्याने भागत नाही. ज्याच्या हाती मृत्युपत्र आहे त्यानेच भोवतीच्या संशयाच्या जागा दूर करायच्या. सही थरथरती का? मन दुबळं होतं का? पत्नीला, मुलांना का वगळलं? आणि सगळ्यात मोठी गोष्ट: ज्याला भरपूर मिळालं, त्यानेच मृत्युपत्र लिहवून घेण्यात पुढाकार घेतला का? त्या प्रकरणात मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याला ते सिद्ध करता आलं नाही. पुढे १९७६ साली न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी जसवंत कौर प्रकरणात हीच वाट आणखी रुंद केली.

याचा घरगुती अर्थ काय? आई-वडिलांना गाडीत घालून वकिलाकडे नेणारा, टायपिंगचे पैसे देणारा, साक्षीदार आणणारा आणि शेवटी सगळं मिळवणारा मुलगा एकच असेल, तर तो स्वतःच्या हक्काच्या मुळावर घाव घालतो आहे. त्याने बाहेर बसावं. आणि ज्याला वगळता, त्याला का वगळलं हे एका ओळीत लिहा: 'धाकट्याला शिक्षणासाठी आणि दुकानासाठी हयातीतच दिलं आहे.' त्या ओळीत रागाचा शब्द नको. तुमच्यामागे ती ओळ बरंच काम करते.

आता पुन्हा साक्षीदारांकडे येते, कारण मृत्युपत्राचं सगळं वजन त्यांच्यावर आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ६८ आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६७ झालं आहे. नियम तोच: साक्षीदारांपैकी एक जरी हयात असेल आणि कोर्टात येऊ शकत असेल, तर त्याची साक्ष घ्यावीच लागते. मृत्युपत्र नोंदलेलं असलं तरी. आणि त्या एका साक्षीदाराला दुसऱ्याबद्दलही सांगता आलं पाहिजे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस हेच सांगितलं. तिथे तपासलेल्या साक्षीदाराला दुसऱ्या साक्षीदाराने सही कधी, कुठे केली ते सांगता आलं नाही. दुसरा हयात होता, पण त्याला बोलावलंच नाही. मृत्युपत्र पडलं. मी मघाशी दोघांना एकत्र बसवा म्हटलं ते याचसाठी. दोघेही वारले असतील तर हस्ताक्षर ओळखणारा शोधावा लागतो. तीस वर्षं जुना दस्त खरा मानण्याची जी सवलत इतर कागदांना मिळते, ती मृत्युपत्राला मिळत नाही.

म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडा. सत्तरीतला माणूस आपल्या सत्तरीतल्या दोन मित्रांना बोलावतो. प्रेम खरं असतं, पण हिशेब चुकतो. साक्षीदार असा हवा जो गाव सोडून जाणार नाही, ज्याला पत्ता आहे, ज्याला यातून काही मिळणार नाही, आणि वीस वर्षांनी कोणी विचारलं तर आठवून सांगेल. साक्षीदाराला मजकूर दाखवणं सक्तीचं नाही. पण सही करताना त्याच्याशी दोन शब्द बोला, म्हणजे त्याला आठवायला काही राहील. मास्तरांना विहिरीचा गट आठवला होता, तसं.

नॉमिनी, प्रोबेट आणि मोबाईल

तीन प्रश्न दर वेळी येतात. पहिला, 'नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?' नॉमिनी म्हणजे पैसे किंवा हक्क ताब्यात घेणारा माणूस. तो त्यामुळे मालक होत नाही. विम्याबाबतही २०१५ पर्यंत हेच ठरलेलं होतं, त्या वर्षीच्या दुरुस्तीने मात्र नॉमिनी लावलेल्या पती-पत्नी, आई-वडील आणि मुलांसाठी वेगळी तरतूद केली. शेअर्स व म्युच्युअल फंडांबाबत हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात पक्कं केलं. सोसायटीतला नॉमिनीही वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. सातबाऱ्यावरची नोंदही मालकी देत नाही, ती महसुलासाठी असते.

दुसरा प्रोबेटचा. मुंबई शहरातल्या मिळकतीच्या किंवा तिथे केलेल्या मृत्युपत्रासाठी प्रोबेट घेतल्याशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नसे. पुण्या-नागपुरात तशी सक्ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ही सक्ती करणारं वारसा कायद्याचं कलम २१३ वगळलं आणि हा भेद संपवला. पण सक्ती गेली म्हणून सिद्ध करण्याची जबाबदारी गेली नाही. वाद आला की साक्षीदार लागणारच.

तिसरा तरुणांचा: 'मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवला तर?' व्हिडिओ हा पुरावा म्हणून उपयोगी पडतो, मृत्युपत्र म्हणून नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक दस्तांना दिलेल्या मान्यतेतून मृत्युपत्र मुद्दाम बाहेर ठेवलं आहे. परदेशात असलेल्या मुलांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. इथल्या मृत्युपत्रावर डिजिटल सही चालत नाही. शाई आणि माणसं लागतात.

सैनिकाला किंवा समुद्रावरच्या खलाशाला तोंडी मृत्युपत्राची सवलत आहे, असं बरेच जण सांगतात. ती खरी आहे, पण ज्या कलमांत ती आहे ती हिंदूंना लागू नाहीत. आपल्या गावातून फौजेत गेलेल्या पोरांनी सुट्टीवर आल्यावर साधं, दोन साक्षीदारांचं मृत्युपत्र करून ठेवावं.

आणि एकदा केलं म्हणजे हात बांधले असं नाही. हयात असेपर्यंत ते कधीही बदला, पुरवणी जोडा, फाडा, नवीन करा. मात्र स्वतः फाडा, रद्द करायच्या हेतूने फाडा. नवीन करताना पहिल्या ओळीतच लिहा की आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. शेवटी एक ओळ उरलेल्या सगळ्यासाठी ठेवा: 'वर न लिहिलेलं जे काही असेल ते अमक्याला.' ती ओळ नसली की विसरलेली एखादी मुदतठेव सगळ्या भावंडांना पुन्हा वकिलाकडे आणते.

मंडळी, मृत्युपत्र म्हणजे मृत्यूची तयारी असं आपण मानतो आणि टाळतो. मला ते मागे राहणाऱ्यांशी शेवटचं नीट बोलणं वाटतं. आपण गेल्यावर आपल्या वतीने बोलायला फक्त दोन माणसं कायदा मान्य करतो. ती कोण असावीत, हे निवडायचा अधिकार मात्र पूर्ण आपला आहे. आज घरी गेल्यावर मिळकतीची यादी करू नका, ती उद्या होईल. आज दोन नावं ठरवा. आपल्याहून लहान, खरं बोलणारी, इथेच राहणारी.

मास्तरांनी स्वतःचं मृत्युपत्र एका पानाचं केलं होतं. घर, पुस्तकं, पोस्टातली ठेव, आणि शेवटी उरलेल्यासाठी एक ओळ. खाली साक्षीदार दोन: एक त्यांचा जुना विद्यार्थी, आणि दुसरी त्या दिवशी कोर्टात फायली घेऊन उभी असलेली वकील. मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली. ती साक्ष द्यायला मला अजून कोणी बोलावलेलं नाही.